आधी वय दुरुस्त करा

पार्लरवालीचं तोंड फटकळ होतं, आणि तसं नसतं तर लोकांनी तिला केव्हाच मोडीत काढलं असतं. वय चौतीस, पण केस पांढरेफटक, आवाज चिरका, हातपाय काटकुळे. आईबरोबर निघाली की लोक आईलाच विचारत, "या तुमच्या सासूबाई का?" आई कानकोंडी व्हायची. ही म्हणायची, "हो ना, फार छळते मी हिला."

टाचेवरची जखम काही केल्या भरेना, तेव्हा मात्र थट्टा संपली. दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापायचे. पायच गेला तर खायचं काय? तिने एक्स-रे काढून घेतला.

डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या काचेवर लावला. "हाडं ठिसूळ झालीत, टाचेच्या नसेत कॅल्शियम साठलंय. वयाच्या मानाने चालायचंच, आजी. मलम लावत राहा."

म्हातारपणाला मलम! पार्लरवालीने फोटोचा कोपरा बघितला. वय चौसष्ट.

ती तिरीमिरीत उठली आणि लंगडत एक्स-रेच्या खोलीत शिरली. "चौतीस सांगितलं होतं ना मी?"

एक्स-रेवाला गोरामोरा झाला. "मावशी, मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक झाली. तुमच्याकडे बघून मीच सुधारलं." बिचाऱ्याला वाटत होतं, आपण उपकारच केले.

"मग आता परत सुधार." ती टेबलावर ठाण मांडून बसली. "तोवर मी हलणार नाही."

"बाहेर रांग लागलीय हो!"

"अगं, लोक बघतायत," मागोमाग आलेली आई दारातून कुजबुजली.

"बघू देत. रोजच बघतात."

शेवटी फोटो पुन्हा छापला आणि डॉक्टर स्वतःच तिथे आले. हाडं तीच, फक्त आकडा बदललेला. त्यांनी तिचे केस, मग टाच नीट निरखून पाहिली.

"हे म्हातारपण नाही," ते म्हणाले. "जन्मतःच असलेला, फार विरळा आजार दिसतोय. शरीर वयाच्या पुढे धावतं. रक्त तपासून खात्री करू. साखर, हृदय, डोळे, सगळंच बघायला हवं. माझं चुकलं."

आई दारातून आत आली. "बरी होईल ना?"

"आजार जाणार नाही. पण पाय वाचवता येईल. हृदय सांभाळता येईल."

पार्लरवालीला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला नुसतं म्हातारी म्हणून सोडून दिलं होतं.

"पुढच्या महिन्यात या," डॉक्टर म्हणाले, "मग सुरुवात करू."

"पुढच्या महिन्यात?" तिने बाही वर सारली आणि हात पुढे केला. "रक्त आत्ता घ्या. मला घाई आहे."