साडूंचा घसा

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत माझ्या साडूंइतक्या मोठ्याने बोलणारा माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो साडूंशी बोलून बोलून तसा झाला असला पाहिजे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. आम्ही कर्जतला राहतो, ते पोशीरला. मध्ये एवढं अंतर आहे म्हणून आमचं नातं टिकलं, असं मी बायकोला म्हणतो. ती हसत नाही. साडूंची नोकरी साजगावच्या एका कारखान्यात झाली, पत्रा ठोकणाऱ्या यंत्राशेजारी. तिथे शेजारच्याला नुसतं "चहा आला रं" एवढं सांगायचं तरी छाती फुटेस्तोवर ओरडावं लागे. निवृत्त झाल्यावर यंत्र कारखान्यातच राहिलं, आवाज मात्र साडू घरी घेऊन आले. एकदा कशेळ्याच्या बाजारात ते रस्त्याच्या अलीकडे होते आणि सुकी मासळी विकणारी बाई पलीकडे. रस्ता ओलांडायचा कंटाळा, म्हणून त्यांनी इथूनच विचारलं, "जवळा कसा दिला गं?" तर मुरबाडकडे निघालेली भरली जीप करकचून थांबली, ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं?" साडू म्हणाले, "तुला नाय रं, तू जा."

असा माणूस कानगोष्ट करतो तेव्हा काय होत असेल, याचा विचार करा. एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. साडू माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण बाप लय चिक्कू. बघा, जिलबी एकेकच वाढतात." नेमका त्याच वेळी बाहेरचा बेंजो थांबला होता. त्यानंतर आमच्या पंगतीत जिलबी इतक्या वेळा आली की मला पुढे आठवडाभर गोडाचं नाव नको झालं. साडूंना मात्र यात काही वावगं घडलं असं कधी वाटलं नाही. पोटात एक गोष्ट राहत नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. ते सांगतानाही शेजारची कुत्री भुंकायला लागत.

आमच्या भागात माणूस आजारी पडला की गाव भेटायला येतं. येताना बिस्किटांचा पुडा आणतं, नाहीतर मोसंबी आणतं, आणि एक गोष्ट आणतं. ती गोष्ट नेहमी अशा कुणाची तरी असते, ज्याला अगदी हेच झालं होतं आणि जो गेला. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आजाऱ्याशी बोलायचं तर आजाराविषयीच बोललं पाहिजे, एवढंच लोकांना माहीत. या कामात साडू आघाडीवर. हर्नियाचं ऑपरेशन ठरलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खाटेशी बसून धीर दिला होता, "काय घाबरू नका. पलीकडच्या गावच्या एकाला असंच झालेलं. तो बी तुमच्यासारखाच धीराचा होता. पार शेवटपर्यंत हसत होता." म्हाताऱ्याने ऑपरेशन पुढे ढकललं, ते अजून केलेलं नाही.

हे सगळं माहीत असल्यामुळेच अक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, छातीत गाठ लागल्याचं नवऱ्याला सांगितलं नाही. बहिणीला सांगितलं. भाताची कापणी उरकली होती, शेतांत वाल फुलोऱ्यावर आला होता. त्या आमच्याकडे आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा बायकोचा चेहरा उतरला होता आणि अक्का नेहमीसारख्याच होत्या. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पनवेलच्या पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. तिथे गाठीचा तुकडा काढून तपासणार होते. आता नवऱ्याला सांगणं भाग होतं. "यांना सांगितलं की नेरळच्या बाजारात कळंल," अक्का म्हणाल्या. शेवटी बायकोने साडूंना आमच्या घरी बोलावून घेतलं आणि बसवून सगळं सांगितलं. मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्याची काही गरज पडली नाही. साडूंनी ऐकून घेतलं, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "जेवली का ती?" इतक्या बारीक आवाजात, की बायकोने "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

तुकडा काढायच्या दिवशी गाडी मी चालवली. रिपोर्टला आठवडा-दीड आठवडा लागेल असं तिथे सांगितलं. परतताना पोशीरच्या फाट्यावर त्यांच्या शेजारच्या काकी रिक्षाची वाट बघत उभ्या दिसल्या. न थांबावं तर गावभर चर्चा, म्हणून थांबलो. काकी मागे अक्कांच्या शेजारी बसल्या. त्यांनी आधी हॉस्पिटलची मोठी पिशवी बघितली, मग अक्कांनी छातीशी घट्ट धरलेला पदर बघितला आणि विचारलं, "हॉस्पिटलात गेलतास? कोणाला काय झालं गं?"

"मला," पुढून साडू म्हणाले. "घसा. गाठ हाय. तुकडा तपासायला दिलाय."

मी गाडी सरळ ठेवली, एवढीच माझी कामगिरी. अक्का आरशात दिसत होत्या. त्यांच्या हातातला पदर सुटला. काकी मात्र मुळीच दचकल्या नाहीत. "तरीच!" त्या म्हणाल्या. "मी कवापास्नं सांगतेय. एवढं ओरडायचं म्हणजे घसा काय दगडाचा हाय?"

साडूंनी हे ठरवून केलं नव्हतं. मला नंतर म्हणाले, "साडू, त्या म्हातारीला मी वळखतो. उतरताना एकीची तरी गोष्ट सांगितल्याबिगर ती उतरली नसती. हिला कशाला ऐकवायची?" पण एकदा तोंडातून गेलेला शब्द त्यांना पाळावा लागला, आणि शब्द पाळायचा म्हणजे गप्प बसायचं. ज्याच्या घशात गाठ आहे तो माणूस ओरडेल कसा? दोन्ही तालुक्यांतला सर्वांत मोठा आवाज एका दिवसात बंद झाला. साडू ओटीवर गळ्याला मफलर गुंडाळून बसले. शेतांत पोपटीचे दिवस होते. कोवळ्या वालाच्या शेंगा, कोंबडी, भांबुर्डीचा पाला, सगळं मडक्यात भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. ही कामगिरी दरवर्षी साडूंकडे असे. मडकं किती वेळ ठेवायचं हे ते अर्ध्या शिवारातून ओरडून सांगत. त्या वर्षी त्यांच्या नाकापर्यंत धूर आला आणि ताटात पेज आली. आल्यागेल्याच्या देखत तिखट खाता येईना. वाडीवरून लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या ठाकरीणबाईने खरंच कळकळीने एक मूळ आणून दिलं आणि समोर बसून चघळायला लावलं. ते एवढं कडू होतं की साडूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जमलेल्यांना वाटलं, माणूस खचला. अक्का पदर तोंडाला लावून आत पळाल्या. बायको मागोमाग गेली, तर त्या चुलीपुढे बसून हसत होत्या. त्या सगळ्या दिवसांत त्या तेवढ्याच हसल्या.

साडू दुपारी मोटारसायकल काढून आमच्याकडे यायचे. इथे मोकळेपणी बोलता येईल असा माझा अंदाज. मी म्हणायचो, "बोला की आता, इथे कोणी नाही." ते म्हणायचे, "काय बोलू?" आणि पंख्याकडे बघत बसायचे. एकदाच बोलले. "रोज लोकं येतात आणि कोणाला ना कोणाला मारून जातात. काल तर एकाच घरातली दोघं मारली. पण ती माझ्या खात्यावर मरतात, हिच्या नाय. बरं हाय ना, साडू?" मी बरं आहे म्हणालो. खरं तर मला ते तितकंसं बरं वाटत नव्हतं. कारण बायको रोज बहिणीशी फोनवर बोलायची आणि पोशीरच्या ओटीच्या आत काय चालतं ते मला तिच्याकडून कळायचं. साडूंना भेटून झालं की बायका स्वयंपाकघरात यायच्या आणि अक्कांचा हात धरायच्या. "आता तूच घट राहा गं. त्याच्यासमोर रडू नको. तुझ्या कुंकवाचं देव बघंल." आणि अक्का, टाके अजून ओले असताना, उठून त्यांच्यासाठी चहा ठेवायच्या. एका फोनवर त्या बहिणीला म्हणाल्या, "मला भ्यायला सवड तरी पायजे ना गं."

रिपोर्ट आणायला आम्ही चौघं गेलो. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. कॅन्सर आहे, म्हणाले; लवकर सापडला आहे, ऑपरेशन करू, मग औषधं द्यावी लागतील, बऱ्याच जणी यातून चांगल्या बाहेर येतात. अक्कांनी दोनतीन प्रश्न विचारले, त्यातला एक भाताच्या झोडणीपर्यंत थांबलं तर चालेल का, असा होता. चालणार नव्हतं. साडूंनीही काहीतरी विचारलं, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमच्या घशाला काय झालंय?" साडूंनी मान हलवली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

येताना चौक गावाच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. साडूंनी तोवर मनात सगळी जुळणी करून ठेवली होती. मफलर सारखा करून ते म्हणाले, "मी काय म्हणतो, ऑपरेशन पण माझंच सांगू. हिला राहायला तुमच्याकडं ठेवू. मी बी गावात दिसायचा नाय. कोणाला काय कळत नाय."

अक्कांनी ग्लास बाकावर ठेवला. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "तुमी माझ्यासाठी केलं, मला कळतंय. पण इतके दिवस लोकं तुमाला बघायला आली आणि मी चहा केला. तुमच्यासाठी आणलेली मोसंबी मी सोलली. तुमच्यासाठी बायका रडल्या आणि मी त्यांचे डोळे पुसले. आता माझं दुखणं माझं मला द्या. येऊ देत लोकं. सांगू देत कोण कोण मेली ते. मला बी कोणाच्या तरी गळ्यात पडून रडायचंय."

साडूंनी मफलर काढला आणि घडी करून खिशात कोंबला. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतः काकींच्या दारात जाऊन खरं सांगितलं. कसं सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण आम्ही हातपाय धुतो न धुतो तोवर बायका आल्या. साडूंना कुणी दोष दिला नाही; त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळ्या सरळ आत गेल्या, खाटेवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे बसल्या. काकी अक्कांच्या अगदी जवळ. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. त्यातला अक्कांचा कुठला ते कळत होतं. बायकोने मला नंतर सांगितलं की अक्का काकींच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारख्या रडल्या.

आम्ही दोघं ओटीवर होतो. साडू उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "साडू, ती रडतेय," ते म्हणाले. "जाऊ का आत?" मी म्हटलं, "नका जाऊ. रडू दे." ते बसले. त्या माणसाबद्दल मला इतकी माया त्यापूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ती सांगावी कशी हे आजही कळत नाही.

आता ऑपरेशन होऊन गेलं आहे, औषधं चालू आहेत, पुढचं डॉक्टर सांगतील तसं. पण अक्कांचा विषय निघाला की मला ती संध्याकाळच आठवते. बायका गेल्या, आत शांत झालं, आणि अक्कांनी हाक मारली, "अवो, जरा पाणी देता?" साडू धावतच गेले. संसाराची इतकी वर्षं त्यांना पाणी हातात मिळालं होतं. मांडणीवरची भांडी वाजायला लागली, एक झाकण खाली पडलं, आणि मग साडूंचा आवाज आला, "पेले कुठं ठेवतेस गं?"

"खालच्या फळीवर. डावीकडं," अक्का खाटेवरून म्हणाल्या. "सावकाश बघा. मी हाय."