आईनं पार्टी बदलली

कांचघरच्या आमच्या मोहल्ल्यात जयंतीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ नकलांची असायची. विहारासमोर घरोघरचे लाकडी तखत जोडून स्टेज करायचे, मागे कोणाच्या तरी घरची चादर टांगायचे, आणि मोहल्ल्यातलेच पाच-सहा जण लहान लहान नकला करून दाखवायचे. राशनच्या दुकानातली नक्कल, दवाखान्यातली, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांची. मी जन्मायच्या आधीपासून हे चालू होतं. विदर्भातून या हिंदी मुलखात फॅक्टरीत नोकरीला आलेल्या लोकांनी सुरू केलं होतं, आणि एक वर्षही खंड पडला नव्हता.

खरी मजा नंतरच्या भांडणात. सगळ्यात भारी कोण? मोहल्ल्यात तीन पार्ट्या होत्या. एक पार्टी रेल्वेतल्या जाड्या काकांची. ते नुसते पडायचे, पण असे पडायचे की तखत हलायचं. दुसरी नर्सबाईंची, समोरचा वाक्य विसरला तरी त्या जागच्या जागी नवीन बनवायच्या. तिसरी मास्तरांची. मास्तर पनागरच्या शाळेत शिकवायचे, रोज बसनं जायचे-यायचे, आणि स्टेजवर नेहमी लुगडं नेसून बाई व्हायचे. कधी ओरडले नाहीत, कधी पदर उडवला नाही. नुसते उभे राहिले तरी बाईच वाटायचे.

माझी आई मास्तरांची पक्की वकील. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू रेल्वेवाल्यांच्या. दोघी अंगणात भाजी निवडत महिनाभर वाद घालायच्या.

"अवो, पडणं का नक्कल झाली? पोतं पण पडते," आई म्हणायची. "मास्तर पहा. तो माणूस डोळ्यानं बोलते."

"डोळे पाहाले कोण जाते एवढ्या दूरून?" काकू म्हणायच्या.

बाबा खाटेवर बसून पेपर वाचायचे. फॅक्टरीतून आले की चहा, पेपर, जेवण. त्यांचं मत कोणी विचारत नसे, आणि ते देतही नसत.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मास्तरांनी पाहुण्यांना चहा विचारणारी बाई केली. "साखर कमीच घेत असाल नं तुम्ही?" असं म्हणत ती बाई डबा हळूच मागे सरकवत होती. लोक हसले, आईही हसली. मग कुकरची शिट्टी झाली, म्हणजे विंगेतून कोणीतरी तोंडानं काढली, आणि ती बाई वळून कुकरलाच म्हणाली, "बस माय, ऐकलं साऱ्या मोहल्ल्यानं."

आईचं हसणं थांबलं. हे वाक्य तिचं होतं. रोज सकाळी ती कुकरला हेच म्हणायची, याच सुरात.

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"तू सांगितलं?"

"मी काहून सांगू? मी तर मास्तरांशी बोलतही नाही."

"मग भिंतीनं सांगितलं."

म्हणजे काकू. त्या दिवसापासून आई घरात हळू बोलायला लागली. कुकरजवळ उभी राहायची ती ओठ मिटून. काकू अंगणात आल्या की आई त्यांच्या प्रत्येक प्रश्नात दुसरा प्रश्न शोधायची. "काय केलं आज भाजीले?" एवढं विचारलं तरी म्हणायची, "तुम्हाला कशाला पाहिजे?" आणि माझ्याकडे अशी बघायची की, काही केलं नसूनही मला चोरट्यासारखं व्हायचं. माझाही मग काकूंवर संशय बसला. त्या भिंतीपाशी उभ्या राहून काय करतात, यावर मी लक्ष ठेवायला लागले. पापड वाळवत होत्या, दुसरं काही नाही.

त्या वर्षीच्या वादात आईनं पार्टी बदलली. रेल्वेवाले काका सगळ्यात भारी, असं तिनं जाहीर केलं.

काकूंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "अच्छा? आता पोतं भारी झालं?"

"माणसाला अक्कल येते उशिरा," आई म्हणाली.

"नाही जी, काहीतरी दुसरंच आहे," काकू म्हणाल्या. आता त्याही आईकडे संशयानं बघायला लागल्या.

पुढच्या वर्षीच्या तालमी सुरू झाल्या तशी आईनं एक युक्ती केली. मला वेगळं सांगितलं, काकूंना वेगळं. मला म्हणाली, तिला स्वप्नात हत्ती दिसतो आणि ती त्याला पोळी करून घालते. काकूंना सांगितलं की ती पावडर लावल्याशिवाय दार उघडत नाही. दोन्ही खोटं. स्टेजवर हत्ती आला तर मी चोर, पावडर आली तर काकू. हे तिनं मला नंतर सांगितलं. बाबांना तिनं काही सांगितलं नव्हतं. "त्यांना तोंड आहे कुठं?"

त्या संध्याकाळी आई पुढच्या रांगेत बसली. मी एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला. मास्तर लुगडं नेसून आले. हत्ती आला नाही. पावडरही आली नाही. आली ती घर बघायला गेलेली बाई. घरमालक खोल्या दाखवतो आहे, आणि ही बाई टरबूज घेताना करतात तशी भिंतीवर टकटक करून कान लावते आहे. मग नवऱ्याकडे वळून गंभीरपणे म्हणते, "पिकली नाही अजून. चला."

सगळं मैदान हसायला लागलं. आई नाही. ती चार महिन्यांपूर्वी विजय नगरात एक घर बघायला गेली होती. भाड्यानं मिळतंय का म्हणून. बरोबर फक्त बाबा होते.

तिनं मान वळवून बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबा तोंड उघडून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

घरी परतताना आई रस्त्यात थांबली. "तुम्ही सांगा. आज कोण भारी?"

बाबांनी जरा विचार केला. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही. "मास्तर."

"काहून?"

"हुबेहूब तू."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिफ्ट सुटली की बाबा चौकातल्या टपरीवर चहा प्यायचे, तिथेच पनागरची बस थांबायची. मास्तर विचारायचे, घरी कसं काय? बाबा सांगायचे. टपरीवरचे सगळे ऐकायचे, हसायचे.

"तिथं तुम्ही बोलता?" आई म्हणाली.

"ते विचारतात."

"आणि घरी मी काय मुकी बसून राहते?"

 मला वाटलं होतं ती लाज वाटली म्हणून चिडेल. पण तिला लागलं होतं ते वेगळंच. वीस वर्षं ती या माणसाला मुका समजत आली होती, आणि चौकातले परके लोक त्याच्या गोष्टींवर हसत होते. आठ दिवस तिनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं, शब्द ठेवला नाही.

नवव्या दिवशी चहा देताना म्हणाली, "टपरीवर सांगायचं ते आधी मला सांगायचं. मग जा."

बाबांना ते जड गेलं. मास्तरांच्या तोंडी गेल्यावर जे हसवायचं ते बाबा स्वतः सांगताना शेवटापासून सुरू करायचे, मध्येच हसायचे, नाव विसरायचे. फॅक्टरीतल्या एका साहेबानं उलटा स्वेटर घालून पूर्ण शिफ्ट कशी काढली, हे सांगायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. आई समोर बसून उलटतपासणी घ्यायची. स्वेटर कोणत्या रंगाचा? मग कोणी सांगितलं कसं नाही? तुम्ही तेव्हा कुठं होते?

"हे तुम्ही बनवून सांगून राहिले," ती शेवटी म्हणायची.

"नाही नं. खरंच."

"उद्या मास्तरांना विचारते."

बाबा पेपर उचलायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. मग म्हणायचे, बरं, दुसरी ऐक.