कांबळेसाहेबांनी वाटेत अंथरलेली चटई

कांबळेसाहेबांच्या साठीच्या गौरव अंकासाठी मंडळी म्हणाली, "आई, चार शब्द द्या." शब्द माझे, अक्षरं सुनेची.

कांबळेसाहेबांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी आमची सहल मोडली तेव्हा. इथे आखातात, अल् घुब्र्याला मुलाकडे मी नवीनच आले होते. डबे घेऊन खाली उतरलो, तर साहेब गाडीपाशी उभे. "जय भीम, आई. रुस्ताकच्या डोंगरात ढग धरलेत. आज नको." वर लख्ख ऊन. म्हटलं, गृहस्थ शिकलेले दिसतात, सोडून द्यावं.

इथे वाडी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी. हिवाळ्यात वादळ वर कोसळतं आणि खाली उन्हात उभ्या माणसावर पाणी येतं, धोंडे घेऊन.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांबरोबरच गेलो. परतताना डोंगर काळा झाला आणि रस्ता वाडीतून. माझ्या सतीशला रात्रपाळी गाठायची होती. "साहेब, टीचभर पाणी आहे. यल्ला, चला, आत्ता पलीकडे!" मागच्या सीटवर नात झोपलेली.

साहेबांनी वाद घातला नाही. काठावर उंचावर गाडी होती, तिच्या पुढ्यात चटई अंथरली, मला बसवलं, भाकरी-पिठलं वाढलं. "सतीशराव, आई जेवतायत. त्यांना उठवा आणि जा."

वाढलेल्या ताटावरून आईला कोण उठवणार?

"आई, आटप गं लवकर!"

"सावकाश, आई," साहेब म्हणाले. इतकी सावकाश मी सासरीही कधी जेवले नव्हते.

दुसरी भाकरी मोडली आणि वरून गडगडाट आला. गाडी जिथून जायची, तिथून धोंडे लोळत गेले. सतीशनं लेकीला उचलून छातीशी धरलं. साहेबांनी त्यालाही ताट वाढलं.

एवढं होऊनही माणसं ऐकत नाहीत. दर हिवाळ्यात साहेब घरोघर फोन करतात, आणि कुणीतरी म्हणतंच, "साहेब, ऊन आहे की!" आता त्यांचे गुडघे धरतात, आवाज बसतो. परवा म्हणाले, "आई, कंटाळा आला हो लोकांना नको म्हणण्याचा."

"मलाही चुलीचा आला होता. कुणी विचारलं?"

हसले, आणि पुढचा फोन लावला.

साहेब, धडधाकट राहा, शंभरी पार करा. आणि त्यात एक तरी हिवाळा असा येवो, की तुम्ही एकदाच नको म्हणाल आणि समोरचा मुकाट गाडी वळवील.