कडू दुधीचा एक ग्लास

"सकाळी दुधीचा रस घेतलात का?" डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी कॅज्युअल्टीतल्या पलंगावर बादलीत तोंड घालून बसलो होतो. मी मान हलवली. "कडू होता?" पुन्हा मान हलवली. "मग प्यायलात कशाला?" याचं उत्तर मान हलवून देता येत नव्हतं.

माझ्या बायकोला, सुनीताला, त्यांनी निदान सांगितलं: क्युकरबिटासिन पॉइझनिंग. क्युकरबिटासिन म्हणजे दुधी, काकडी, दोडका अशा वेलींमध्ये तयार होणारं कडू रसायन. किड्यांनी खाऊ नये म्हणून वेल ते बनवते. भाजीच्या जातीत ते नसल्यातच जमा असतं. पण कधी पाण्याचा ताण पडला, कधी मागच्या हंगामात रानटी कडू भोपळ्याचे पराग लागले, की फळात ते उतरतं आणि माणसाच्या पोटाची सालटी काढतं. याला उतारा नाही. सलाईन लावायचं, उलट्या थांबवायच्या आणि वाट बघायची.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझा शहाणपणा किती खोल ते कळेल. वसईला किनाऱ्याकडे आमची वाडी आहे. केळी, फुलं, भाजी. अख्खं आयुष्य वेलींच्या मांडवाखाली गेलं. मधुमेह निघाल्यापासून सहा वर्षं सकाळी कारलं, मेथी, कडुनिंब, जे कडू मिळेल ते प्यायलो, आणि तोंड वाकडं न करता प्यायलो. याचा मला कोण अभिमान! पाहुणे आले की त्यांच्यासमोर पिऊन दाखवायचो.

दुधीचं बी बाबांच्या वेळेपासून राखलेलं. वेलीचं पहिलं फळ विकायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ते देवापुढे ठेवायचं, मग घरात खायचं, आणि त्यातलं काही टाकायचं नाही. या वेळी दोन फळं एकदमच तयार झाली. एक देवापुढे ठेवलं. दुसरं रविवारी आलेल्या आक्काच्या पिशवीत मीच हौसेने घातलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चांदीपला दिलेली. साखर तिलाही आहे. रोज सकाळी रस पी, असा लकडा मी सहा महिने तिच्यामागे लावला होता.

सोमवारी सकाळी पहिला घोट घेतला आणि मुळापासून जीभ आक्रसली. कारलं याच्यापुढे श्रीखंड. सुनीताने आतून विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, "झकास." देवापुढचं फळ, बाबांचं बी, आणि वर माझी कीर्ती. डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

वीस मिनिटांत पोटात पीळ पडला. मग उलट्या, जुलाब, चौथ्या उलटीत रक्त. शेजाऱ्याच्या रिक्षातून हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत हायपोटेन्शन झालं होतं, म्हणजे रक्तदाब इतका उतरला होता की नर्सला हाताला शीर सापडेना.

आणि डॉक्टर ते कडू रसायन समजावत असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आक्का! तीच वेल, तेच बी. साडेसात वाजून गेलेले. ती तर सातच्या आत रस पिते.

मी "आक्का, आक्का" करू लागलो. सुनीताला वाटलं, याची निघायची वेळ झाली आणि याला बहिणीला बघायचंय. ती तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. तिला आवरायचं की उलटी आवरायची? शेवटी कसंबसं म्हटलं, "दुसरा दुधी तिच्याकडे आहे." तिने तिथल्या तिथे डोळे पुसले आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. आमची मुलगी केतकी मनवेलपाड्याला राहते. ती स्कूटर घेऊन चांदीपला निघाली.

मला आयसीयूत हलवलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. आयसीयूत घड्याळ कोणी लावलं त्याला माझे शिव्याशाप लागोत. आक्का पासष्टची, घरात सकाळी एकटीच. मला स्वतःच्या मरणाची भीती वाटायला फुरसतच मिळाली नाही. मी तिला हाताने विष दिलंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नऊच्या पुढे सुनीता काचेबाहेर आली आणि तिने अंगठा वर केला. आक्का शेतावर होती, ठणठणीत. मोबाइल घरात राहिला होता. दुधी म्हणे कडू लागला म्हणून तिने रात्रीच गोठ्यामागे खड्डा करून पुरला. मी ढसाढसा रडलो. नर्स धावत आली, कुठे दुखतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी झाली. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण गुंगी देतात आणि दहा मिनिटांत उरकतं, उगाच घाबरू नका. आतून पोट खरवडल्यासारखं लाल झालं होतं. लिव्हर एन्झाइम्स, म्हणजे यकृताला मार लागला की रक्तात वाढणारे घटक, तेही चढले होते. ते हळूहळू उतरले.

डॉक्टर राउंडला आले की थोडं शिकवून जात. जिभेवर बिटर टेस्ट रिसेप्टर असतात, कडू ओळखणारे पहारेकरी. गोडासाठी त्यांचे मोजकेच प्रकार, कडूसाठी मात्र दोन डझनांच्या घरात, कारण निसर्गातली बरीच विषं कडू असतात. "कारलं कडू असतंच. दुधी कधीच कडू असता कामा नये," ते म्हणाले. "तुमचे पहारेकरी ओरडत होते. तुम्ही त्यांना गप्प बसायची सवय लावलीत." वाडीवाल्याला हे शहरातल्या डॉक्टरने सांगावं! पण मुकाट ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात आणलं आणि आक्का भेटायला आली. चाळीस वर्षं चांदीपला काढली, आता तिची बोलीही तिकडचीच झाली आहे. मी तिला शाबासकी दिली, रस काढण्याआधी चाखलास ते बरं केलंस. ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "रस कोन काढतंय? मी एक दिवस पन नाय प्यायले तुजा रस. दुदी भाजीला घेतला, शेंडा चाखला, थुंकले. तुला सांगाया फोन हातात घेतला व्हता. पन भाजीला घेतला म्हटलं की माजं पितळ उघडं पडलं असतं. म्हनून ठेवला."

आणि ती रडू लागली. मी विचारलं, मग सहा महिने रोज हो हो कशाला म्हणत होतीस?

"रस प्यायली का इचाराया तू रोज सकाळी फोन करायचास. त्याच्या आदी वरसातून दोनदा करायचास. भाऊबीज आनि राखी."

मी तिचा हात धरून बसलो. राग यायला हवा होता, पण कशाचा येणार? तिने एक गोष्ट लपवली, तर सुनीताने विचारल्यावर मीही "झकास" म्हणालोच होतो.

सहाव्या दिवशी घरी आलो. वेल उपटून पुरली आणि बी जाळलं. बाबा रागावणार नाहीत.

तुमच्यापैकी जे सकाळी रस पितात त्यांना एवढंच सांगणं आहे. दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर थुंका, आणि लाज न बाळगता त्याच क्षणी घरात मोठ्याने सांगा. प्यायला असाल तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

आणि बहिणीला फोन करायला कुठल्याही रसाचं निमित्त लागू देऊ नका. मी आता सातला करतो. आक्का पहिल्याच रिंगला उचलते.