सहीवाल्यांची सगळ्यात वाईट सही

गल्लीत त्यांना सगळे सहीवाले म्हणत. हे नाव कुणीतरी चेष्टेने ठेवलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. त्यांची सही होतीच तशी. पहिलं अक्षर ऐटीत उभं राहायचं, बाकीची त्याच्यामागे शिस्तीत चालायची आणि शेवटच्या अक्षरातून एक लांबलचक शेपूट निघून, सगळ्या सहीखालून उलटं जाऊन, सुरुवातीला दोन टिंबांपाशी थांबायचं. त्या टिंबांचा अर्थ काय, असं काकूंनी लग्नानंतर लगेच विचारलं होतं. "ती असावी लागतात," एवढंच उत्तर मिळालं. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

एवढ्या देखण्या सहीच्या माणसाला नोकरी मात्र अशी मिळाली, की तिथे सहीला काही कामच नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात ते आवक-जावक सांभाळत. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं आणि कोपऱ्यात छोटी सही करायची, म्हणजे आपल्या नावाची जेमतेम दोन अक्षरं. पूर्ण सहीचा मान साहेबांचा. आणि साहेबांच्या सह्या कशा, तर उलट्या पडलेल्या झुरळाने पाय झाडावेत तशा. सहीवाल्यांनी निवृत्त होईपर्यंत हा अन्याय निमूटपणे गिळला आणि त्याची भरपाई गल्लीत केली. कुणाचा भाडेकरार असो, कुणाचं हमीपत्र असो, साक्षीदार हवा म्हटलं की हे चपला घालून तयार. कागदात काय लिहिलंय हे वाचण्याच्या फंदात ते पडत नसत. साक्षीदाराची जागा कुठे आहे आणि ती पुरेशी रुंद आहे ना, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघत. जागा अरुंद दिसली तर कागद पुन्हा टाइप करून आणायला सांगत, आणि लोक बिचारे आणतही.

सही ज्या पेनाने व्हायची, ते काळं, जाडसर शाईचं पेन ते तळहातावरच्या फोडासारखं जपत. कुणी मागितलं तर खिशातून दुसरं, दोन पैशांचं, काढून देत. काकू आल्यागेल्याला सांगत, "मी आणि ते पेन एकाच वर्षी या घरात आलो. मखमलीची पेटी त्याला मिळाली."

अशा माणसाच्या दारी एक दिवस कोर्टाचं समन्स आलं.

प्रकरण समोरच्या इमारतीतलं होतं. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. मागेपुढे कुणी नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका बाईंनी शिवणाचं मशीन टाकलं होतं. घड्याळजींनी अंथरूण धरल्यावर या शिवणबाईंनी आधी त्यांना चहा द्यायला सुरुवात केली, मग जेवण, मग औषधं, आणि शेवटी त्यांचं सगळंच त्या करू लागल्या. घड्याळजींनी मृत्युपत्र करून दोन्ही खोल्या त्यांना दिल्या. कागद झाल्यावरही ते आठ-नऊ वर्षं अंथरुणात काढून मग गेले. तेव्हा कुठे त्यांचा पुतण्या उगवला. जिवंत काकाला भेटायला त्याला इतकी वर्षं पत्ता सापडला नव्हता. काका गेल्यावर मात्र तो मोजपट्टी घेऊन बरोबर दारात हजर झाला. खोल्या मोजून झाल्यावर त्याने मृत्युपत्र बनावट असल्याचा अर्ज केला. काकांचा हात शेवटी थरथरत होता, त्यांनी असली सही करणं शक्यच नाही, हे सगळं बाईंचं कारस्थान, असं त्याचं म्हणणं.

मृत्युपत्राला साक्षीदार दोन. त्यातले कोपऱ्यावरचे औषधवाले मागेच वारले होते. राहिले सहीवाले. त्यांनी कोर्टात सांगितलं तर शिवणबाईंचं घर राहणार, नाही तर त्या मशीनसकट रस्त्यावर येणार, आणि नव्या गल्लीत नवी गिऱ्हाइकं जोडायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

सहीवाले हरखले. म्हणजे बाईंसाठी त्यांना वाईटच वाटलं, पण ते नंतर. आधी त्यांनी समन्स दुकानदाराला दाखवलं, मग दूधवाल्याला, मग ज्याने विचारलं नव्हतं त्याला. त्यांची सही पहिल्यांदाच एका न्यायाधीशासमोर जाणार होती. कपाटातून लग्नातला कोट निघाला. तो अंगात गेला, पण बटणं आणि काजं यांची भेट होईना. केस कापून झाले. स्वयंपाकघराचं दार आणि कपाट यांच्या मधली जागा साक्षीदाराचा पिंजरा ठरली आणि तिथे ताठ उभं राहण्याचा सराव सुरू झाला. काकू समोरच्या बाजूच्या वकील झाल्या. उलटतपासणीचा त्यांना लग्नापासूनचा अनुभव होता.

"तुम्ही कागद न वाचता सह्या करता, हे खरं आहे का?" त्यांनी भाजी चिरता चिरता विचारलं.

साक्षीदाराने हा प्रश्न गैरलागू असल्याचं सांगितलं आणि पाणी मागितलं.

रविवारी बाईंची वकील घरी आली. पोरसवदा होती, पण कामाची. शिवणबाईही बरोबर आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. वकिलाने मृत्युपत्राच्या शेवटच्या पानाची प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काका, ही सही तुमचीच ना?"

सहीवाल्यांनी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. साक्षीदाराच्या जागेवर एक भयंकर प्रकार होता. पहिल्या अक्षराची रेघ मधोमध फाटून दोन झाली होती. मधली अक्षरं शाईत बुडून मेली होती. शेपूट निघालं होतं, पण अर्ध्या वाटेत एका मोठ्या डागात अडकलं होतं. टिंबं नव्हतीच.

काकूंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "ही यांची नाहीच. यांना झोपेत उठवून सही करायला सांगा, तरी अशी व्हायची नाही."

वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं. पुतण्याचा वकील नेमकं हेच म्हणत होता. त्याने गल्लीतून सहीवाल्यांच्या सह्यांचे पाच-सहा कागद गोळा केले होते आणि कोर्टाला दाखवणार होता, की एवढ्या सुंदर सह्या करणारा माणूस ही अशी करील काय. सहीवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या सहीचा खरा कदरदान भेटला होता आणि तो नेमका समोरच्या बाजूचा निघाला.

"सांगता येत नाही," सहीवाले म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

स्टुलावरच्या बाई उठल्या. जाताना त्यांनी खुर्चीवरचा कोट तेवढा उचलला. बटणं सरकवून देते, म्हणाल्या.

सांगता येत नाही, हे अर्थातच खोटं होतं. सहीवाल्यांना सगळं लख्ख आठवत होतं. घड्याळजी उशीला टेकून बसलेले. बाईंना मुद्दाम बाहेर पाठवलेलं. औषधवाल्यांनी साधं पेन पुढे केलं, ते नेमकं उमटेना. आणि घड्याळजींनी हात लांब करून सहीवाल्यांच्या खिशातलं काळं पेन सरळ काढून घेतलं. मरणाच्या दारातल्या माणसाच्या हातातून पेन कसं हिसकावणार? हात थरथरू नये म्हणून घड्याळजींनी सगळा जोर पेनावर दिला, घट्ट बसलेला स्क्रू पिळावा तसा. निबेची दोन टोकं दोन दिशांना गेली. औषधवाल्यांनी तेवढ्यात आपलं पेन झटकून चालू केलं, सही केली आणि ते सहीवाल्यांपुढेही केलं, पण सहीवाले दुसऱ्याच्या पेनाने सही करतील तर ते सहीवाले कसले? त्यांनी त्याच मोडक्या निबेने सही केली, कागद घाईघाईने उलटा घातला आणि घरी येऊन सांगितलं, पेन हातातून पडलं. ती सही पुन्हा कुणाच्या नजरेला पडेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. लोक मृत्युपत्र करतात, ती उघडतातही, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी सराव केला नाही. एका बाजूला एका बाईचं घर होतं, दुसऱ्या बाजूला दोन टिंबं. दुसऱ्या कुणाला हा प्रश्न क्षणभरही अवघड वाटला नसता. सहीवाल्यांचं जेवण कमी झालं. ओळखता येत नाही, एवढं म्हटलं तर त्यात खोटं काय, असं ते स्वतःला समजावत होते. वयाची सबबही होती. आजवर त्यांनी वयाचा उल्लेख कुणाला करू दिला नव्हता, आता मात्र ते त्यांना सोयीचं वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी शिवणबाई कोट घेऊन आल्या. तो सहीवाल्यांच्या अंगावर चढवून त्या बटणं लावू लागल्या. सहीवाले छताकडे बघत होते.

"तुम्हाला आठवत नसेल तर नाही म्हणा," बाई खाली बघतच म्हणाल्या. "माझ्यासाठी कोर्टात खोटं नका बोलू. घड्याळजी जाईपर्यंत तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, मी त्या माणसाचं पेन मोडलं, आणि त्याने मला काय म्हणावं? सही छान झाली म्हणाला."

शेवटचं बटण लागलं. कोट बेतशीर बसला होता, पण आतल्या माणसाला श्वास घेता येत नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे पिंजऱ्यातच, उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पेन हातातून पडलं होतं ना?"

उलटतपासणी तिथेच संपली. सहीवाल्यांनी कपाटातली मखमलीची पेटी काढली. तिच्या तळाशी एक काड्यापेटी होती आणि तिच्यात ती फेंगडी निब. नवी बसवली तरी जुनी टाकून देण्याचं त्यांच्या जिवावर आलं होतं. काकूंनी ती उजेडात धरून बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"चांगलं झालं कंजूष आहात ते," त्या म्हणाल्या, आणि वकिलाला फोन करायला सांगितला.

कोर्टाच्या दिवशी सहीवाले पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. कोटच असा होता, की वाकता येत नव्हतं. पुतण्याच्या वकिलाने त्यांच्या सुंदर सह्या एकेक करून टेबलावर मांडल्या, त्यांची मनापासून स्तुती केली आणि शेवटी मृत्युपत्राची सही पुढे केली. हा हात आणि तो हात एकच, असं तुमचं म्हणणं आहे का?

सहीवाल्यांनी मागे नजर टाकली. मागच्या बाकावर गल्लीतले पाच-सहा जण बसले होते. हौसेने सहीवाल्यांनीच त्यांना बोलावलं होतं.

"माझीच आहे," ते म्हणाले. "माझी सगळ्यात वाईट सही आहे ती."

वकिलाने मग मुद्द्याला हात घातला. घड्याळजींना सही करताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत का? तुम्ही तर म्हणे कागदही वाचत नाही.

"कागद नाही वाचला," सहीवाले म्हणाले. "पण माझं पेन दुसऱ्याच्या हातात होतं, साहेब. मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. त्यांनी ओढलेली एकेक रेघ माझ्या काळजावर ओढल्यासारखी बघितलीय."

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मृत्युपत्रावरच्या दोघांच्याही सह्या जवळ घेतल्या. घड्याळजींच्या सहीतली रेघ शेवटच्या दोन अक्षरांत फाटली होती आणि सहीवाल्यांची पहिल्या अक्षरापासून. पेन कसं मोडलं ते सहीवाल्यांनी सांगितलं आणि काड्यापेटीतली निब मागवली गेली. ती पेनात बसवून सहीवाल्यांना कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं. आयुष्यभर सही सुंदर करण्यात घालवलेल्या माणसाला भर कोर्टात ती वाईट करून दाखवायची होती. रेघ तशीच मधोमध फाटली आणि डागही तिथेच पडला. पुतण्याचा वकील बराच वेळ कागद चाळत राहिला आणि मग, आणखी प्रश्न नाहीत, म्हणून खाली बसला.

जबानी टाइप होऊन आली. सहीवाल्यांनी खिशातून काळं पेन काढलं, टोपण फिरवलं, बाही मागे घेतली. आता नवी निब होती, आणि झालेलं नुकसान भरून काढण्याची हीच संधी होती. कारकुनाने पानं त्यांच्याकडे सरकवली.

"प्रत्येक पानावर छोटी सही करा," तो म्हणाला. "लवकर. पुढची केस आहे."

महिन्याभराने निकाल लागला आणि खोल्या शिवणबाईंच्या नावावर झाल्या. पुतण्या मोजपट्टी घेऊन गेला तो गेलाच. बाई दुकानातला नको, घरचा म्हणून डबाभर गोड पदार्थ घेऊन आल्या, आणि निघताना दारात घुटमळल्या. त्यांनाही एक कागद करायचा होता. आपल्यामागे खोल्यांचं काय, हे लिहून ठेवलेलं बरं. साक्षीदार म्हणून सही कराल का?

सहीवाल्यांनी जागा किती रुंद असेल ते विचारलं. भरपूर आहे, बाई म्हणाल्या.

"करीन," सहीवाले म्हणाले. "पण तुमची सही करायला पेन तुमचं तुम्ही आणा."