धबधब्याच्या पायाखालून

पोचीराम ढोलावर एकच टिपरू मारायचा आणि थांबायचा. मग डोळ्यांवर आडवा हात धरून पैनगंगेच्या पलीकडे बघत राहायचा. त्याची लेक गंगू पलीकडच्या काठावर दिलेली होती. तिने दारात येऊन पदर हलवला, की आवाज पोचला. नाही हलवला, तर हा पुन्हा मांडी घालून दोऱ्या सैल करायला बसायचा.

निजामाच्या अमदानीत इस्लापूरजवळच्या त्या गावी मी मास्तर होतो. सहस्रकुंडाचा धबधबा इतका जवळ, की पावसाळ्यात वर्गात ओरडून शिकवावं लागे. गावाखालच्या उतारावरून लोक नदी ओलांडत. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी मुलूख. वर कुठे पाऊस झाला की पाणी अचानक चढे. पात्रातल्या माणसांना ढोलाने इशारा द्यायचं काम पोचीरामच्या घरी बापापासून होतं. जकात नाक्यावरच्या शिपायाला तो म्हणायचा, "माझा आवाज रोज पल्याड जातो. लावा की त्याला करोडगिरी."

मी नांदेडचा, भजनात तबला वाजवलेला. मला त्याचा ढोल मेलेला वाटे. दोऱ्या ढिल्या, मोठ्या तोंडावर राळ, एरंडेल आणि राखेचा जाड लेप, आवाज जमिनीतून आल्यासारखा. एकदा मी म्हटलं, "पोचीराम, जरा चढव की. घसा बसल्यासारखा वाजतोय." तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरेतुरे करायचो. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. मला आता वाटतं.

तो हसला. "मास्तर, धबधबा वरडून राहिला. आपुन बी वरडलो तर कुनाचं कुनाला ऐकू येतंय? त्याच्या पायाखालून जायाचं."

लेप चढवताना तो चिमूटभर लावायचा, वाजवायचा, पुन्हा चिमूटभर खरवडायचा. वाजवताना ढोल पोटाशी धरायचा. "कान लबाड असतो. गोड लागंल तेच ऐकतो. पोटात हाललं पायजे." कुणी लग्नाला ढोल मागितला तर सरळ सांगायचा, "हलगी न्या. ह्यो नदीचा हाय."

तालीम खात्याचे साहेब शाळा बघायला येणार होते. दसरा उलटून गेला होता, पाऊस संपल्यात जमा होता. स्वागताला मी ढोल मागितला.

"ह्यो नदीचा हाय, मास्तर."

"आता कसली नदी? गुडघाभर पाणी उरलंय."

तो हलेना, तेव्हा मी पाटलांचं नाव घेतलं. साहेब यायच्या दिवशी सकाळी त्याने ढोल आणून शाळेच्या ओट्यावर ठेवला. "वाजवा. पर दोऱ्यांना हात लावू नका. लेप बसवायला मला तीन दिस लागतात."

तो गेल्यावर मी चाकूने लेप खरवडून काढला. दोऱ्या करकचून ओढल्या, कडब्याच्या जाळावर तोंड शेकलं. ढोल असा ठणठणीत वाजला, की साहेबांनी मान डोलावली. मला धन्य वाटलं.

साहेबांची गाडी गेली आणि दुपारी पोचीराम ढोल न्यायला आला. वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. नदीचा रंग पालटलेला त्याने ओट्यावरूनच पाहिला. पात्रात तीन बाया होत्या. गंगू दोन जावांना घेऊन माहेरी येत होती.

त्याने टिपरू मारलं. आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मारलं. खाली एकीनेही मान वर केली नाही. त्याने दातांनी दोरीची गाठ सोडली, ओला चिखल ढोलाच्या तोंडावर थापला. टिपरू पडताच ताणलेल्या कातड्यावरून तो उडून गेला. मग टिपरू माझ्या हातात दिलं. "मास्तर, तुमी वाजवत ऱ्हा."

आणि तो उतारावरून पळत सुटला. डोईचा पटका सोडून हलवत होता. दोघींना त्याने ढकलून काठाला लावलं, गंगूला खडकावर चढवलं. तो स्वतः चढायच्या आत पाणी आलं. मी वाजवतच होतो.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या डोहात सापडला.

तिसऱ्या दिवशी गंगू शाळेत आली. लेपाचे तुकडे ओट्याच्या कडेला अजून पडलेले होते. ती म्हणाली, "बाचा ढोल कानावर आला न्हाई, मास्तर. आमी तिघी व्हतो, येकीला बी न्हाई. काय झालतं?"

मी म्हटलं, "उन्हात राहिला असेल. ताणला असेल."

तिने ओट्याच्या कडेच्या तुकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हातारा झालता बा. ध्यान ऱ्हात नव्हतं."

हेच तिने घरी सांगितलं, हेच गावात झालं. भला माणूस, पण शेवटी ढोल उन्हात विसरला. ढोल सकाळी शाळेत होता, पण मास्तरला कोण विचारणार? मी वर्षभरात बदली मागून चाकूरकडे आलो. गंगूकडे जायला दर उन्हाळ्यात निघायचो आणि दर उन्हाळ्यात काहीतरी कारण काढायचो. परवा तिकडचा एक माणूस भेटला. गंगू वारली, म्हणाला.

आता सांगायला तीही नाही. म्हणून ज्यांनी पोचीरामांना कधी पाहिलं नाही, त्यांना सांगतो. त्यांनी ढोल उन्हात ठेवला नव्हता. त्या सकाळी त्यांनी तो माझ्या ओट्यावर ठेवला, तेव्हा तो नीट लागलेला होता.