बिनउंबरठ्याची खोली

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. चौथी शिकलो आणि गिरणीत लागलो. आमच्या गावी कोकणात ज्याला त्याला भूत दिसायचं, पण ज्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं त्यांच्या तोंडाला बहुतेक वास यायचा. तुमच्या सदरातले अनुभव आमची मंडळी मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी म्हणायचो, "पुरे कर, भाजी करपतेय."

ती आता नाही. गेल्या पावसाळ्यात गेली. जे लिहितोय ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं... आता एकट्यालाच आहे. म्हणून लिहितो. लिहायचा कंटाळा आहे, बोटं आखडतात, तरी.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची गोष्ट. लालबागला आमची खोली, दुसऱ्या माळ्यावर. त्याच खोलीत आजही बसलोय. घरात मी, माझी बायको शेवंता, आणि आई. मी साच्यावर होतो, म्हणजे माग चालवायचो. आईचे गुडघे गेले होते. चालायची, पण पाय उचलत नसे. घासत, फरपटत. जमीन सपाट असेल तर बाई सगळ्या घरभर फिरेल, पण चार बोटं उंचीचा उंबरठा आला की संपलं. संडास गॅलरीच्या पार टोकाला. रोज शेवंता तिचा एकेक पाय हाताने उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवायची.

एक दिवस आमच्या रस्त्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. धूर गॅलरीत भरला, माणसं आत-बाहेर पळायला लागली. आई तेव्हा गॅलरीत बसली होती. चार पोरांनी तिला गोधडीत गुंडाळलं आणि उचलून मागच्या खोल्यांकडे नेलं. चांगल्या मनाने केलं. पण नेताना तिचं लुगडं वर गेलं... सगळ्या चाळीसमोर.

त्या दिवसापासून आईने पाणी पिणं सोडलं. घोटभर, तोंड ओलं करण्यापुरतं. पाणी नाही प्यायलं तर संडासला जायला नको, आणि कोणाचा हात लागायला नको. मी ओरडलो, शेवंता रडली. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परत माका कोणी उचलल्यान तर बघ."

डॉक्टर म्हणाले, अशाने मूत्रपिंड जाईल. गुडघ्यांसाठी म्हणाले, गरम पाण्याच्या कुंडात बसवून बघा, वज्रेश्वरीच्या बाजूला. हे ऐकल्यावर मात्र आईने आमच्याकडे तोंड फिरवलं. लहानपणी गावाजवळच्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम झऱ्यात, बसलेली होती ती. तिला ते पाणी आठवलं.

"जातंय मी," म्हणाली. "पण एक सांगतंय. वाटेत काय ता कर. कोणाच्या घरात माका गाठोड्यासारखा न्हेव नको. माझ्या पायान आत जातलंय. नायतर हयच बरी."

दाजी म्हणून आमचे शेजारी होते, मोर्चाला कायम पुढे. ते म्हणाले, "आई, जरा थांबा. आता महाराष्ट्र होणार आपला. मग सगळं नीट होईल."

"तुमचो महाराष्ट्र होतलो तेव्हा होतलो," आई म्हणाली. "माझे गुडगे आज व्हये."

हरताळात गिरणी बंद होती. तो दिवस साधून मी एकटा जागा बघायला गेलो. वसईला उतरलो, पुढे एस.टी. कुंडांच्या आसपास उतरायच्या जागा होत्या, पण एक धड नाही. देवळाजवळची धर्मशाळा चांगली, स्वच्छ, पण चढायला एवढ्या पायऱ्या की मलाच धाप लागली. दुसरी सपाट, पण संडास शेतापलीकडे. तिथल्या माणसाला विचारलं, म्हातारं माणूस कसं जाणार? तो म्हणाला, "म्हातारी माणसं कशाला आणता?" त्याच्याशी भांडून निघालो.

ऊन कलतं होतं. कुंडाच्या अगदी जवळ एक कौलारू घर दिसलं. अंगणातून सरळ ओटी, मध्ये पायरी नाही. ओटीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, आवाज घोगरा.

मी म्हटलं, "मावशी, आईसाठी खोली पाहिजे."

"चालते?"

"पाय घासत चालते. उचलत नाही."

"मग बघ की," म्हणाली आणि सुपानेच दार दाखवलं.

दार उघडं होतं. आणि दाराला उंबरठा नव्हता. ओटीची फरशी सरळ खोलीत गेलेली. असलं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्यात उंबरठा नाही म्हणजे घरच नाही.

"उंबरठा कुठे गेला?"

"काढला. माझ्या सासूचा पाय उचलेना. नवऱ्याला म्हटलं, घे करवत. लोक बोलले, लक्ष्मी कुठे बसणार? म्हटलं, लक्ष्मीलाही गुडघे असतील."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन. मग खाली बसून फरशीवर तळहात फिरवला. हे नीट वाचा. साचेवाल्याचा हात आहे हा. चालत्या कापडावर हात ठेवून केसाएवढी गाठ सांगायचो. त्या दारात माझ्या हाताला काही लागलं नाही. गुळगुळीत, आणि थंडगार.

"पुनवेला येऊ नको, गर्दी असते," म्हातारी म्हणाली. "इतर कधीही ये. दार उघडंच असतं."

घरी येऊन सांगितलं तर शेवंता म्हणाली, "अहो, बिनउंबरठ्याची खोली? मग त्या मावशी हळदकुंकू कशावर वाहतात?"

"तू जाऊन विचार," मी म्हटलं. आई मात्र त्या रात्री तांब्याभर पाणी प्यायली.

पुढच्या सुट्टीला निघालो. प्रवास कसा झाला ते लिहीत नाही. गाडीत चढवताना, उतरवताना आईने डोळे घट्ट मिटून घेतले, एवढंच. एस.टी.तून उतरल्यावर बैलगाडी केली आणि दुपारी त्या घरासमोर थांबलो.

ओटीवर म्हातारी नव्हती. पन्नाशीचा एक माणूस पंचा गुंडाळून उभा होता. घर तेच, ओटी तीच. दार बंद होतं. मी म्हटलं, "मावशींनी सांगितलंय. खोली बघून गेलोय."

"कुठल्या मावशी?"

"हिरवं लुगडं. नथवाल्या."

तो म्हणाला, "आमच्याकडे बाईमाणूस कोणी नाही. आई होती, तिला जाऊन वर्षं झाली." आणि त्याने दार उघडलं.

उंबरठा होता. सागाचा, जाडजूड. मध्ये झिजून खड्डा पडलेला, कडेला हळदकुंकवाचे जुने थर. मी खाली बसलो, हात फिरवला. हात अडला.

माझं डोकं फिरलं. थकलेलाही होतो. "परवा बसवलात काय हा?" मी त्याच्यावर ओरडलो. "माझ्या आईला फसवता?"

"अहो, उंबरठा काय रोज बदलतात? बघा तरी केवढा झिजलाय." मग म्हणाला, "आजीसाठी काढला होता खरा एकदा. मी शाळेत होतो तेव्हा. आजी गेली आणि वडलांनी तोच परत बसवला. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

तो मान हलवत पाण्याची कळशी आणायला मागे गेला. मी तसाच दारात बसलेला. मागे ओटीवर आई, शेवंताच्या खांद्याला धरून. आता हिला परत उचलावी लागणार, आणि उचलली की ही पाणी सोडणार, आणि मग... एवढंच डोक्यात.

तेवढ्यात आई म्हणाली, "सोड गो माका."

आणि माझ्या बाजूने ती आत गेली. पाय घासत. मी तिच्या पायांशी बसलो होतो, तिचे तळवे माझ्या डोळ्यांसमोर होते. पाय उचलला नाही. फरशीवर पाय घासल्याचा आवाज होतो ना, खस्... खस्... तो मध्ये तुटला नाही. उंबरठा तिथेच होता. मला दिसत होता. ती त्याच्यातून गेली की वरून गेली, ते मी आज शपथेवर सांगू शकत नाही. गेली.

शेवंता तिला धरायला मागोमाग धावली, तशीच, पाय न उचलता. फाडकन ठेच लागली आणि आत कोसळली. अंगठ्याचं नख उलटलं, रक्त आलं. ते नख पुढे आयुष्यभर वाकडंच वाढलं.

आई खाटेवर बसली होती. म्हणाली, "बरा केलंस रे झिला. उंबरठो नाय तो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

आई रोज कुंडात बसली. बाहेर पडताना मात्र दर वेळी तिला उंबरठा लागायचा आणि शेवंता पाय उचलून ठेवायची. आईने त्यावर एक शब्द काढला नाही. परत आल्यावर पाणी प्यायला लागली, मी तेवढ्यावर खूश. पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा सगळी चाळ नाचत होती. आई गॅलरीत बसून म्हणाली, "महाराष्ट्र झालो रे. गुडगे तेवढे रवले." नंतरही बरीच जगली.

शेवंता आणि मी त्या दुपारबद्दल कधी कधी बोलायचो. मी म्हणायचो, थकलो होतो, डोळ्यांना नीट दिसलं नसेल. ती नुसता पाय पुढे करून नख दाखवायची.

हे सगळं मी विसरलो असतो. पण दोनेक वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. अगदी आईसारखे. घासत चालायची. मी वाकून तिचे पाय उचलायचो, तर म्हणायची, "राहू द्या हो, तुमची कंबर जाईल." मी सुतार घेऊन आलो, म्हटलं आपला उंबरठा काढून टाकू. तिने सुताराला चहा पाजून परत पाठवलं. रोज सकाळी ती बसून उंबरठ्याला कुंकू लावायची. म्हणाली, "मी आहे तोवर नको."

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ऊन पडलं होतं. मी गॅलरीत खुर्ची पुसत होतो, तिला बसवावं म्हणून. मागून आवाज आला. खस्... खस्... वळलो तर ती एकटी बाहेर आली होती. खुर्चीवर बसली आणि हसत म्हणाली, "अहो, उंबरठा कधी काढलात? मला सांगितलं पण नाही."

उंबरठा जागेवर होता. तिनेच लावलेलं कुंकू त्यावर होतं.

मी घाबरलो नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आई त्यानंतर किती जगली! शेजारच्या पारूबाईंना ओरडून सांगितलं, "आमची मंडळी आता बरी होते बघा." पारूबाई म्हणाल्या, "मग चहा तरी पाजा तिला." मी चहा करायला आत गेलो. घाईत उंबरठ्याची ठेच लागली, शिवी हासडली. ती बाहेरून हसली. ते मी ऐकलं.

चहा घेऊन आलो तेव्हा ती मान कलती करून बसली होती. उन्हात. झोपल्यासारखी.

आईला तो उंबरठा का लागला नाही, हिला आमचा का लागला नाही, एक जगली आणि एक गेली, याचा अर्थ काय, मला कळलेलं नाही. डॉक्टरला विचारलं, भटजीला विचारलं. दोघांनी खांद्यावर हात ठेवला. सुतार परवा जिन्यात भेटला, म्हणाला, आता काढू का? मी नाही म्हटलं.

रोज सकाळी उठलो की एकदा पाय न उचलता दारातून जाऊन बघतो.

अजून लागतो.